साडेतीन वर्षांच्या लेकीला खाज, आम्ही लीड्सला, आजी-आजोबा मुलुंडला

पिंपळपान
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त पाककृती वाचायला येते. आज पहिल्यांदा धागा काढतेय आणि तोही असा.

आम्ही मुलुंडचे. नवऱ्याच्या प्रोजेक्टमुळे दीड वर्ष इंग्लंडात, लीड्सला आहोत. लेक साडेतीन वर्षांची, सप्टेंबरपासून नर्सरीत जाते. सासू-सासरे गणपती आटोपून इकडे आले, 3 महिने राहिले आणि नाताळच्या आधी मुंबईला परतले. ते गेले आणि आठवडाभरात लेकीची खाज सुरू झाली. दिवसा ठीक असते. रात्री पांघरुणात शिरली, अंग जरा उबदार झालं की उठून बसते आणि कराकरा खाजवते. मनगटं, बोटांच्या बेचक्या, बेंबीभोवती बारीक पुळ्या, काही तर तळपायावर. "आई, मुंग्या काढ ना" म्हणून रात्री 2 वाजता रडते. काढू कुठून मुंग्या?

इथल्या डॉक्टरांनी फोटो मागवून घेतले, फोनवर बोलले, हिवाळ्यातलं इसब म्हणाले आणि मलम दिलं. 10 दिवस झाले, फरक शून्य. परवापासून माझ्याही मनगटावर तसंच उठलंय. माझ्या आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर तिने चष्मासुद्धा न लावता निकाल दिला, "खरूज आहे गं ती." मी आईवर चक्क चिडले. रोज दोनदा आंघोळ घालते मी पोरीला!

कुणाला अनुभव आहे का? परदेशात यावर काय करतात? नर्सरीला सांगायचं का?

सोलकढी
आधी घाबरू नकोस. आमच्या पहिल्या हिवाळ्यात माझ्या मुलाची कातडी अगदी सुकटासारखी झाली होती, हिटरच्या हवेने होतं तसं. पण तुलाही आलंय म्हणतेस तर इसब पटत नाही. इसब लेकराकडून आईला लागत नाही.

ठाकुर्ली_फास्ट
आईला सॉरी म्हण. तिचं बरोबर असणार.

आमच्याकडे हे सगळं 4 वर्षांपूर्वी होऊन गेलंय, तेही इथेच, परदेशात नाही. मुलगा प्लेग्रुपला जायचा. मी शहाणपणा करून थेट केमिस्टकडे गेले. त्याने ट्यूब दिली, तीन-चार औषधांची खिचडी आणि त्यात कडक स्टेरॉइड. दोन दिवस खाज गायब. मी खूश. मग अशी उसळली की पोराच्या पोटावर, मांड्यांवर नुसते ओरखडे. त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो तर आधी ट्यूब कचऱ्यात टाकायला लावली. म्हणाले, स्टेरॉइडने खाज दबते, किडा मात्र मजेत वाढतो, आणि पुरळ ओळखू येईनासं होतं. तोवर नवरा, सासूबाई, मी, सगळे खाजवत होतो आणि एकमेकांपासून लपवत होतो. मी स्वयंपाकघरात ओट्याला पाठ घासायचे. आता हसू येतं.

तर मलम-बिलम थांबव आणि नीट दाखव. फोटो नको, प्रत्यक्ष.

करंजेल
वय 71, गिरगाव. आमच्या लहानपणी चाळीत एका खोलीला झाली की मजल्याला व्हायची. आई गंधक कुटून खोबरेल तेलात खलायची आणि रात्री सगळ्या भावंडांना ओळीने उभं करून चोपडायची. वास असा की शेजारी खिडक्या लावत. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ. कपडे उकळत्या पाण्यात. बरे व्हायचो. तिकडे कडुनिंब मिळणार नाही, पण करंजाचं तेल मिळालं तर बघा.

डॉ_खडूस
धाग्यावर निदान करत नाही, हे आधीच सांगतो. परळच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात उमेदवारी केली, आता उपनगरात दवाखाना आहे. एवढ्या माहितीवर बोलतो.

रात्री वाढणारी खाज, बेचक्या-मनगटं-बेंबी, लहान मुलाचे तळवे, आणि घरात दुसऱ्याला तेच. हे वर्णन कुणी ओपीडीत केलं की आम्ही पुढचा प्रश्न विचारतो, "घरात किती जण झोपता एकत्र?"

खरूज म्हणजे एक किडा, जेमतेम 0.3 ते 0.4 मिलिमीटर. मादी त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात बीळ करून रोज 2-3 अंडी घालते. अंडं 3-4 दिवसांत फुटतं, त्यातून पूर्ण वाढलेला किडा व्हायला दोनेक आठवडे. एका माणसाच्या अख्ख्या अंगावर साधारण 10-15 किडेच असतात. मग एवढी खाज कशाची? किड्याची, त्याच्या विष्ठेची ॲलर्जी. शरीराला ती ओळखायला वेळ लागतो, म्हणून पहिल्यांदा लागण झाली की खाज 4 ते 6 आठवड्यांनी सुरू होते. पूर्वी कधी होऊन गेली असेल तर मात्र 1 ते 4 दिवसांत. हा कालावधी लक्षात ठेवा, कारण याच्यामुळेच घराघरात "कुणी आणली" यावर भांडणं होतात आणि बहुतेक वेळा आळ भलत्यावर जातो.

आंघोळीचा संबंध नाही. बिळात बसलेला किडा साबणाने धुतला जात नाही. हस्तांदोलनाने सहसा लागत नाही. कुशीत झोपणं, मांडीवर बसणं, बराच वेळ हात धरून बसणं याने लागते. म्हणजे जिथे माया जास्त तिथे खरूज जास्त.

औषध: परमेथ्रिन 5% क्रीम. इंग्लंडात 2 वर्षांवरच्या मुलासाठी फार्मसीतही मिळतं. पण तुम्ही निदान पक्कं करून घ्या. बिळाची बारीक वाकडी रेघ भिंगातून दिसते, कधी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

काका, तुमच्या आईंचं गंधक चुकीचं नव्हतं. 5-10% गंधकाचं मलम आजही तान्ह्या बाळांना, गरोदर बायकांना देतात. पण घरी कुटून नको, कोवळी कातडी भाजते. करंजाच्या तेलावर विसंबून आठवडे घालवू नका एवढंच.

अवांतरप्रिय
अवांतर करतो, माफी असावी. 1687 मध्ये जोव्हानी कोसिमो बोनोमो नावाच्या इटालियन डॉक्टरने या किड्याचं सूक्ष्मदर्शकातून वर्णन केलं. त्याला पत्ता लागला कसा? गरीब बायका आपल्या खरूज झालेल्या पोरांच्या कातडीतून सुईच्या टोकाने बारीक काहीतरी काढतात, हे पाहून. तेव्हा पिंपळपान, तुमच्या आईंनी बिनचष्म्याचं निदान केलं यात मला नवल वाटत नाही.

पिंपळपान
आई जिंकली. खरूजच आहे.

फार्मसीतल्या बाईंनी बघितलं, पुन्हा दवाखान्यात पाठवलं, यावेळी प्रत्यक्ष. डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून अर्ध्या मिनिटात सांगितलं. इथे 16 वर्षांखालच्या मुलांची औषधं फुकट असल्याने लेकीची ट्यूब फुकट मिळाली, आमच्या दोघांच्या विकत. नर्सरीला सांगितलं. मला वाटलं होतं तोंड वाकडं करतील. मॅडम म्हणाल्या, "पहिलं क्रीम लावून 24 तास झाले की पाठवा." बस्स. मी मात्र फोन ठेवून रडले. लहानपणी वर्गात एका मुलीला खरूज झाली होती आणि आम्ही तिला दोन महिने "खरजुली" म्हणत होतो. ती कुठे असेल कोण जाणे.

आता खरी गंमत. सासूबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "मला पण खाज आहे गं आठ दिवस, मी म्हटलं हवाबदल." लेक 3 महिने त्यांच्याच कुशीत झोपत होती! सासऱ्यांनी मागून ओरडून सांगितलं, "मला काही नाही हो." सासूबाई परतल्यावर डोंबिवलीला नणंदेकडे जाऊन आल्यात. तिचं बाळ 5 महिन्यांचं. दिवसभर मांडीवर.

डॉ_खडूस
आता हे तुमचं एकच घर धरा, त्याची एक खोली मुलुंडला आहे आणि एक लीड्सला.

खाज असो नसो, सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं. सासऱ्यांनीही. "मला काही नाही" म्हणणाऱ्यालाच चार आठवड्यांनी होते. बरोबर 7 दिवसांनी सगळ्यांनी पुन्हा, कारण पहिल्या वेळी अंडी वाचतात. तुम्ही इथे भेटायला येणार असाल, ते पुन्हा तिकडे येणार असतील, तर दोन्हीकडची साफसफाई एकदम झालेली बरी.

5 महिन्यांच्या बाळाला फोनवरून काहीही लावायला सांगू नका. 2 महिन्यांवरच्या बाळाला परमेथ्रिन देता येतं, पण डॉक्टरांनी बघून. बाळात पुरळ चेहऱ्यावर, डोक्यावरही येतं. नणंदबाईंना आजच सांगा.

ठाकुर्ली_फास्ट
नणंदेला सांगणं हेच सगळ्यात अवघड ना? :)

पिंपळपान
तो फोन नवऱ्याने केला. मी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं.

सोलकढी
लावायचं कसं ते कुणीतरी नीट सांगा. साडेतीन वर्षांचं पोर अंगभर क्रीम लावून 8 तास कसं राहणार?

ठाकुर्ली_फास्ट
मी सांगते, दोनदा केलंय.

गरम पाण्याची आंघोळ करून लगेच लावायचं नाही, कातडी थंड आणि कोरडी हवी. संध्याकाळी नखं अगदी कापून टाक. मोठ्या माणसाला 30 ग्रॅमची एक ट्यूब लागते, या वयाच्या मुलाला साधारण पाव ट्यूब. लोक पुळ्यांवर ठिपके लावतात आणि म्हणतात उपयोग झाला नाही. ठिपके नाही, तळपायापासून मानेपर्यंत इंच न् इंच. बोटांच्या मधे, नखांच्या आत, बेंबीत, कुल्ल्यांच्या मधे, कानामागे. लहान मुलांना डोकं आणि चेहराही, डोळे आणि तोंड सोडून. मी पोराला सांगितलं, आपण चाफ्याचं झाड आहोत आणि हा पांढरा रंग आहे. त्याला वाटलं नाटकाची तालीम. मग पूर्ण बाह्यांचा पायजमा आणि हातात पातळ सुती मोजे, म्हणजे चाटत नाही आणि ओरबाडतही नाही. रात्री शू केल्यावर, हात धुतल्यावर तिथे पुन्हा लावायचं. हे सगळे विसरतात. हाताच्या बेचक्यांतच किडा असतो आणि आपण पोळ्या करायला हात धुवून मोकळे!

8 ते 12 तासांनी धुवायचं. सकाळी चादरी, अभ्रे, पांघरुणं, गेल्या 3 दिवसांतले कपडे, टॉवेल, सगळं 60 डिग्रीवर.

पिंपळपान
आमच्या मशीनला 60 आहे, पण वाळवायचं कुठे? बाहेर बर्फ. रेडिएटरवर 2 चादरी झाल्या की घर भरतं. शेवटी नवरा रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या लाँड्रेटमध्ये 3 पोती कपडे घेऊन गेला, नाणी टाकत बसला. गरम ड्रायर बरा म्हणतात यासाठी. कार्पेटला नुसता व्हॅक्यूम. आणि लेकीचा हत्ती! जन्मापासूनचा मऊ हत्ती, धुतला तर सोंड सुटेल. मग त्याला पिशवीत गच्च बांधून कपाटावर ठेवलाय. कातडीबाहेर हा किडा 2-3 दिवसांपेक्षा जास्त जगत नाही म्हणे. मी सुरक्षित म्हणून 5 दिवस ठेवणार. लेकीला सांगितलंय हत्ती सुट्टीवर गेलाय. ती रोज विचारते, "हत्तीला तिकडे ऊन आहे का?"

करंजेल
हत्ती मुंबईला पाठवा, इथे ऊन आहे.

पिंपळपान
काका :)

मुलुंडची बाजू सांगते. दोन्हीकडे रविवार रात्र ठरवली. आमच्याकडे 8 वाजता लेकीला क्रीम लावलं तेव्हा मुंबईत रात्रीचे दीड वाजलेले, सासूबाई केव्हाच लावून झोपल्या होत्या. सासऱ्यांनी नाना-नानी पार्कातल्या पत्त्यांच्या मंडळाला दोन दिवस सुट्टी दिली, कारण काय सांगितलं ते विचारू नका. "डोळे आलेत" असं काहीतरी. चादरी उकळत्या पाण्यात भिजवून, गच्चीत कडक उन्हात वाळवून इस्त्री.

पण एक खटकलं. सासूबाई आज सांगत होत्या, "त्या मावशींकडूनच आलं असणार. झोपडपट्टीत राहतात, काय काय असतं. उद्यापासून येऊ नका म्हणून सांगणार आहे." मावशी म्हणजे त्यांच्या घरकामाच्या बाई. 11 वर्षं आहेत. रोज दुपारी सासूबाईंच्या पायांना तेल लावतात. मला काय बोलावं कळेना. परदेशात बसून सासूला शिकवायची माझी हिंमत होत नाही.

डॉ_खडूस
तुम्ही नका शिकवू, हिशेब मांडा. सासूबाई 3 महिने लीड्सला होत्या. तेवढे महिने मावशींची सुट्टी. परतल्या नाताळच्या आधी, खाज जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. सासूबाईंना आधी कधीच खरूज झाली नसेल तर मागे 4-6 आठवडे मोजा. लागण नोव्हेंबर-डिसेंबरात झालेली, म्हणजे तुमच्या घरात, नातीच्या कुशीत. नातीला नर्सरीतून आली की अजून कुठून, ते कुणी सांगू शकणार नाही. मावशींना काढून टाकलं तर उलट होईल. आता धोका त्यांना आहे, तुमच्या सासूबाईंकडून. रोज अर्धा तास पायाला तेल म्हणजे भरपूर संपर्क.

त्यांना सांगायचं, औषध द्यायचं, घरात मुलं एकत्र झोपत असतील तर त्यांनाही दाखवायला सांगायचं. पालिकेच्या दवाखान्यात दाखवता येतं. आणि पगार कापायचा नाही.

माहीमचा_हलवा
डॉक्टर, सगळं मान्य पण प्रॅक्टिकल बोला. बाईला सांगितलं की सोसायटीत सहा घरांत बातमी जाते. संध्याकाळी लिफ्टमध्ये लोक लांब उभे राहतात. आमच्या बिल्डिंगमध्ये एका कुटुंबाला हे झालेलं मी बघितलंय.

ठाकुर्ली_फास्ट
म्हणून सहा घरांत खरूज गेलेली चालेल, बातमी नको?

माहीमचा_हलवा
तसं नाही म्हटलं. लाज वाटते माणसाला, एवढंच म्हणतोय.

डॉ_खडूस
लाज वाटते हे खरं आहे. माझ्या दवाखान्यात लोक मुलाला दाखवतात आणि जाताना दारातून परत येऊन हळूच स्वतःची मनगटं पुढे करतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घातलं. कुठल्याही एका वेळी जगात 20 कोटींहून अधिक लोकांना ती असते. ती झोपडपट्टी बघून येत नाही, दाटीने राहणारी माणसं बघून येते. युरोपातल्या विद्यार्थी वसतिगृहांत, वृद्धाश्रमांतही असते.

पिंपळपान
दुसरा डोस होऊन 4 दिवस झाले आणि लेक काल रात्री पुन्हा खाजवत होती! मी ट्यूब हातात घेऊन बसलेय. तिसऱ्यांदा लावू का?

डॉ_खडूस
नका लावू. किडे मेले तरी त्यांचा कचरा कातडीत असतो, ॲलर्जी 2 ते 4 आठवडे रेंगाळते. वारंवार क्रीम लावलं की त्याचीच जळजळ होते आणि लोक त्याला पुन्हा खरूज समजतात. नव्या पुळ्या, नवी रेघ दिसते का ते बघा. साधं मॉइश्चरायझर लावा, गरज वाटली तर तिथल्या डॉक्टरांना विचारून झोपेपुरतं ॲलर्जीचं औषध. फोडात पू, मधासारखी पिवळी खपली किंवा ताप आला तर मात्र लगेच दाखवा. खाजवून जखमेत जंतू गेले तर ते कधी कधी मूत्रपिंडापर्यंत त्रास देतात. 4 आठवड्यांनंतरही खाज असेल तर पुन्हा तपासणी. मोठ्यांसाठी आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या आहेत, 15 किलोखालच्या मुलांना देत नाहीत. पण ते सगळं नंतर.

सोलकढी
डॉक्टर, तुमच्या आयडीत "खडूस" का आहे? अजिबात नाही आहात.

डॉ_खडूस
बायकोला विचारा.

पिंपळपान
3 आठवडे झाले. लेक रात्रभर झोपते. मनगटावर तपकिरी डाग राहिलेत, जातील म्हणाल्या डॉक्टरीणबाई. डोंबिवलीच्या बाळालाही होतं, तळपायावर. वेळेत कळलं, नणंद आता माझ्याशी नीट बोलते. सासऱ्यांना चौथ्या आठवड्यात खाज सुटायची ती सुटली नाही, त्यामुळे "मी म्हटलं होतं, मला काही नाही" हे आम्ही रोज ऐकतो.

आणि मावशी. सासूबाईंना मी डॉक्टरांचा हिशेब जसाच्या तसा वाचून दाखवला. त्या बराच वेळ गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन 4 ट्यूबा आणल्या, मावशींना बसवून सगळं सांगितलं. मला वाटलं मावशी घाबरतील. तर म्हणाल्या म्हणे, "हात्तीच्या! एवढंच होय? मी म्हटलं, आजी चार दिवस पायाला हात लावू देत नाहीत, माझं काय चुकलं." सासूबाईंनी हे सांगताना फोन सासऱ्यांच्या हातात दिला आणि आत निघून गेल्या.

करंजेल
आणि हत्ती?

पिंपळपान
हत्ती सुट्टीवरून परत आलाय. लेकीने त्याच्या सोंडेला हँड क्रीम चोपडून हातमोजा घातलाय. 8 तासांशिवाय काढायचा नाही म्हणते.